लॅक्टेट वाढलं म्हणजे माइटोकॉन्ड्रियाचा आजारच का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सिंहगड रोडला राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझम आहे, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. थेरपीला येणाऱ्या आयांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की ऑटिझम म्हणजे माइटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींमधले ऊर्जा बनवणारे भाग, वीक असतात आणि तसं असलं की रक्तात लॅक्टेट नावाचं आम्ल वाढतं, म्हणून आम्ही पण टेस्ट केली तर लॅक्टेट 3.1 आलं. आता एक जण सहा महिन्यांचं सप्लिमेंटचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलेत. त्यात सासूबाईंनी कुठेतरी वाचलं की हे आईकडूनच येतं, तेव्हापासून घरात उठता बसता तेच चालू आहे. पॅकेज घेऊ का?

उत्तर: ताई, आधी एक सांगा, रक्त काढताना पोरगं रडत होतं ना? दोघांनी हात दाबून धरलेला, दंडाला पट्टा करकचून बांधलेला, शीर सापडेना म्हणून परत टोचलं, या झटापटीतच स्नायूंमधलं लॅक्टेट रक्तात उतरतं आणि रिपोर्टमध्ये तेच दिसतं. शिवाय हे सॅम्पल राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये घेऊन बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला लागतं, घरून घेतलेलं रक्त दुपारच्या उन्हात स्कूटरवरून चार सोसायट्या फिरलं तर आकड्याचा काय भरवसा! साधारण 2 पर्यंत नॉर्मल धरतात, त्यामुळे 3.1 म्हणजे मुलगा शांत असताना, शक्यतो पट्टा न बांधता परत करून बघायचं, बास.

आता ऑटिझम आणि माइटोकॉन्ड्रियाचा संबंध आहे का तर आहे, उगाच नाही म्हणणार नाही. मेंदू वजनाला शरीराच्या 2 टक्के पण ऊर्जा खातो 20 टक्के, आणि ती बनवतात माइटोकॉन्ड्रिया. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या, बऱ्याच जणांत ऊर्जा बनवायचं काम मंद दिसलं, पण मुलं किती, तर फक्त 10. मग 2012 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा खरा माइटोकॉन्ड्रियल आजार साधारण 5 टक्के मुलांत निघाला. बाकी लोकांच्या मानाने हे प्रमाण खूपच जास्त आहे, पण ग्रुपवर फिरतंय ते "सगळ्यांनाच असतं" मात्र साफ चूक.

मला रिपोर्टपेक्षा मूल बघायला आवडेल. तापानंतर येत असलेलं बोलणं किंवा चालणं गेलंय का, फिट येते का, अंग सैल आहे का, एक जिना चढला की बसकण मारतो का, पापण्या खाली उतरतात, वजन वाढत नाही, असं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट आणि जेनेटिक्सवाले गाठा, पुढच्या टेस्ट ते ठरवतील. आणि हो, फिट येत असतील तर व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध सुरू करायच्या आधी माइटोचा संशय डॉक्टरांच्या कानावर घालाच, पीओएलजी नावाच्या जीनमध्ये दोष असेल तर त्या औषधाने लिव्हर निकामी होऊ शकतं.

सासूबाईंचं अर्धंच बरोबर आहे. माइटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडून येतो, पण त्यात जीन्स जेमतेम 37. बाकी हजारावर प्रोटीन्स लागतात त्यांची माहिती आईबाप दोघांकडून आलेल्या डीएनएत असते आणि लहानपणी दिसणारे बरेचसे माइटो आजार त्यातलेच. मुळात पोराला आजार ठरलाच नाहीये, मग आईवर खटला कसला?

पॅकेज नको. कोक्यूटेन, कार्निटिन अशी सप्लिमेंट्स डॉक्टर देतात, पण आजार सिद्ध झाला किंवा कमतरता निघाली तर, आणि डोस वजन बघून. कार्निटिन जास्त झालं की जुलाब होतात, अंगाला माशासारखा वास येतो, मग आधीच खाण्याचे नखरे असलेलं मूल आणखी वैतागतं. ते पैसे स्पीच-ओटीला ठेवा.

प्रश्न: मुलीला माइटोकॉन्ड्रियल आजार निघालाय, तापाने बिघडू शकतं म्हणाले. मग लस टाळू का? (एक बाबा, चिंचवड)

उत्तर: अजिबात टाळू नका. गोवर नाहीतर फ्लूचा ताप तिला लसीच्या तापापेक्षा कितीतरी जड जाईल. लसीच्या दिवशी उपाशी ठेवू नका, तापाच्या औषधाचा डोस आधीच लिहून घ्या, पेज-पाणी थोडं थोडं चालू ठेवा, आणि खाणंपिणं बंद झालं किंवा पोरगी सुस्त पडली तर सकाळ व्हायची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.