व्रण पुसतात कुठे?

एका वाचकाने अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीवर लिहिताना, गुलामगिरीतून पळालेल्या तिच्या नायिकेबद्दल, ‘शेवटी सेथच्या मनावरचे व्रण पुसले जातात’ असं वाक्य केलं. मित्राने अडवलं: व्रण म्हणजे जखम, ती भरते. बरोबर कोण?

दोघंही चुकले. ‘व्रण पुसले गेले’ हे परीक्षणांत इतक्यांदा वाचलंय की आता संताप येतो. अश्रू पुसतात. जखम भरते, खपली धरते, आणि मागे राहतो तो वण. देवीचे वण म्हणतो ना आपण? ‘वण’ हा ‘व्रण’चाच तद्भव.

मित्राचा आधार धातुपाठातला, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला असणार: ‘व्रण गात्रविचूर्णने’, व्रण म्हणजे अंगाची मोडतोड. तेवढ्यावर थांबणाऱ्या पंडितांनी प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताच्या संहितेतल्या सूत्रस्थानाचा २१वा अध्याय उघडावा: ‘वृणोति यस्माद् रूढेऽपि व्रणवस्तु न नश्यति। आ देहधारणात्तस्माद् व्रण इत्युच्यते बुधैः॥’ जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तो व्रण! भाषाशास्त्री याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे नुसत्या उच्चारसाम्यावरून जुळवलेली व्युत्पत्ती, म्हणतील. म्हणोत. ‘वण’ या मराठी अर्थाचं बीज मला इथेच दिसतं.

त्यातला ‘रूढे’ तर सोडवतच नाही. धातू रुह्, म्हणजे उगवणं, वाढणं. झाड म्हणजे महीरुह. रूढ व्रण म्हणजे भरलेली जखम, आणि ती भरवण्याची क्रिया म्हणजे रोपण. आता सेथची पाठ बघा. केंटकीतल्या मळ्यावर चाबकाने फोडलेली. पळून जाताना वाटेत भेटलेली अ‍ॅमी डेन्व्हर त्या ओल्या जखमांत चोकचेरीचं झाड पाहते: खोड, फांद्या, पानं, फुलोरासुद्धा. जखमा भरतात, झाड पाठीवर राहतं. रुह् धातूचे दोन्ही अर्थ एका पाठीवर!

‘रूढी’ही याच धातूची, आणि हा मला नुसता योगायोग वाटत नाही. सिनसिनाटीतल्या ज्या वस्तीने सेथला वर्षानुवर्षं वाळीत टाकलं, तिथल्याच तीसेक बायका अखेर तिच्या दारापुढे जमून गातात. वाळीत टाकायला समाज लागतो, तसा जखम रुजून भरायलाही.

तेव्हा ‘जखमा भरू लागतात, वण राहतात’ असं लिहा. आणि ‘हीलिंग’ला मराठीत शब्दच नाही म्हणणाऱ्यांनी ‘रोपण’ वापरून बघावा. शल्यवैद्याचा शब्द आहे, कादंबरीलाही पेलेल.