लेक म्हणते, पेरूला जाते

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र आहे. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. ॲमेझॉनच्या जंगलात सोनं काढताना वापरलेला पारा नदीत जातो, माशांतून माणसांत येतो, असं तिच्या वाचनात आलं. तेव्हापासून सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरण यांवर संशोधन करायचं, तेही पेरू देशात, असा तिने ध्यास घेतलाय. वडील लिहितात, "पेरू आम्हाला माहीत आहे तो द्राक्षाच्या बाजारातला स्पर्धक म्हणून. तिची आजी विचारते, पेरू खायला एवढ्या लांब कशाला? गंमत सोडा, पण असल्या गरीब देशात जाऊन हिचं काय होणार? बी.एड. कर नाहीतर स्पर्धा परीक्षा दे, असं मी म्हणालो, तर दोन दिवस बोलली नाही. सुरक्षित आहे का? पैसा कोण देणार? काय सांगू तिला?"

सप्रेम नमस्कार.

आधी त्या 'गरीब देशा'बद्दल बोलू, कारण तुमची अर्धी काळजी त्या शब्दात अडकली आहे. पेरूमध्ये गरिबी आहे, खेड्यांत दवाखाने अपुरे आहेत, कोविडमध्ये लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक मृत्यू झालेल्या देशांत त्याचं नाव आलं. हे सगळं खरं. पण राजधानी लिमामध्ये 1961 साली सुरू झालेलं कायेतानो एरेदिया विद्यापीठ आहे. तिथे 1996 पासून उष्ण कटिबंधातल्या रोगांचा एक अभ्यासक्रम चालतो आणि त्याला अमेरिका-युरोपातले डॉक्टर फी भरून येतात. औषधांना दाद न देणारा क्षयरोग कमी खर्चात, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची 'मॉड्स' नावाची चाचणी लिमामध्येच तयार झाली. अशा देशात आपण शिकायला जातो. तुमची मुलगी 'तिकडच्या लोकांना मदत करायला जाते' म्हणत असेल, तर तेवढं वाक्य तिला बदलायला सांगा. निवड करणारे ते ऐकलं की मनातल्या मनात फुली मारतात.

दुसरं, पेरूचे प्रश्न आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोमची, म्हणजे पेपरात येत होतं त्या जीबीएसची साथ आली; यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडू शकतात. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि विहिरी, टाक्या, क्लोरीन यांची चर्चा सुरू झाली. पेरूने हाच आजार 2019 मध्ये अनेक प्रांतांत एकाच वेळी पाहिला होता. तिथेही बोट त्याच जिवाणूकडे गेलं. 2023 च्या जुलैमध्ये तर याच आजारामुळे तिथल्या सरकारने देशभर 90 दिवसांची आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्याच्याही आधी, 1991 मध्ये, जवळजवळ शतकभर दक्षिण अमेरिकेत न दिसलेला कॉलरा पेरूच्या किनाऱ्यावर उतरला. त्या एका वर्षात 3 लाखांहून अधिक रुग्ण झाले आणि सुमारे 2,900 मृत्यू. म्हणजे शंभरातले नव्याण्णव वाचले, आणि त्यात मोठा वाटा मीठ-साखरेच्या पाण्याचा. तेच पाणी 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवलं होतं. बंगालमधला धडा लिमात उपयोगी पडला, मग लिमातला धडा पुण्यात का पडू नये?

आता पारा. मुलीच्या डोक्यात नेमकं काय आहे ते तुम्हाला कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेरूच्या आग्नेयेला माद्रे दे दिओस नावाचा प्रांत आहे. तिथे नदीकाठच्या वाळूत सोन्याचे बारीक कण असतात. ते गोळा करायला खाणकामगार वाळूत पारा मिसळतात. सोनं आणि पारा यांचा गोळा बनतो, तो तापवला की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. उडालेला पारा आधी तापवणाऱ्याच्याच छातीत जातो, उरलेला नदीत आणि जंगलात. पाण्यातल्या गाळात सूक्ष्मजीव त्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं शरीरात साठणारं विषारी रूप, करतात. ते लहान माशांत, तिथून मोठ्या शिकारी माशांत आणि शेवटी ताटात येतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. 2016 च्या मे महिन्यात सरकारने या प्रांतात 60 दिवसांची आणीबाणी पुकारली ती यामुळेच.

इथे रसायनशास्त्राच्या मुलीला काम काय? लोकांच्या केसांचे नमुने घेतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून टोकापर्यंतचा केस म्हणजे मागच्या काही महिन्यांची नोंदवहीच. तो कापायचा, जपून ठेवायचा, प्रयोगशाळेत मोजायचा. मोजताना चूक झाली की एखाद्या गरोदर बाईला उगाच घाबरवल्यासारखं होतं, नाहीतर खरा धोका नजरेतून सुटतो. आणि आकडा हातात आल्यावर तिला सांगायचं काय? 'मासे खाऊ नका' म्हणणं सोपं आहे, पण नदीकाठच्या घरात दुसरं प्रथिन कुठून येणार? म्हणून कोणता मासा हे बघावं लागतं. दोन्सेया नावाचा मोठा शिकारी मासा पारा जास्त साठवतो, गाळ खाणाऱ्या बोकीचिकोत तो बराच कमी असतो. असला सल्ला देता येण्यासाठी रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि स्वयंपाकघर तिन्ही समजावी लागतात. हे काम कंटाळवाणंही आहे, हे तिला सांगा. शंभरातले नव्वद दिवस जंगल दिसत नाही, एक्सेलच दिसतं.

फळ कधी दिसतं? त्याचं एक उदाहरण तिथलंच. अँडीज पर्वतात 3,700 मीटरच्या आसपास ला ओरोया गाव आहे, लेहपेक्षाही उंच. 1922 पासून तिथे धातू गाळण्याचा कारखाना होता. 1999 च्या सरकारी तपासणीत तिथल्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या रक्तात शिसं त्या वेळच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पुढे बाहेरच्या विद्यापीठानेही मोजलं आणि तेच आढळलं. कारखान्यावर पोट असलेले लोक संशोधकांवरच चिडले, ते अजिबात अनपेक्षित नव्हतं. अखेर 2024 च्या मार्चमध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचा निकाल जाहीर झाला आणि पेरू सरकारला जबाबदार धरलं गेलं. पहिल्या तपासणीला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. एवढा धीर तिच्यात आहे का, हे मला इथे बसून कळणार नाही, तुम्हाला कळेल.

आता मार्ग. माझी एक चूक आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी लॅटिन अमेरिकेत जाऊ पाहणाऱ्या एका मुलाला मी म्हणालो होतो, आधी प्रवेश मिळव, स्पॅनिश तिथे गेल्यावर येईलच. तो गेला, आणि पहिलं वर्ष दुभाष्याच्या मागे फिरण्यात गेलं. संमतिपत्र वाचून दाखवायला दुसरा माणूस, बाईने काय उत्तर दिलं ते सांगायलाही दुसरा माणूस. म्हणून आता क्रम उलटा. स्पॅनिश आजपासून. पुण्या-मुंबईत वर्ग आहेत, ऑनलाइन आहेत, आणि डेले नावाची प्रमाणित परीक्षा दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेसमार्फत देता येते. दोन वर्षांत गप्पा मारण्याइतकी भाषा आली नाही, तर पेरूचा विषय आपोआप संपेल आणि तुमचे पैसेही वाचतील. डोंगरात केचुआ, जंगलात आणखी कितीतरी भाषा आहेत, पण ती पुढची पायरी.

शिक्षणाचं म्हणाल तर देश नंतर, आधी हत्यार हातात हवं. रसायनात गोडी असेल तर एम.एस्सी. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात करावी आणि नागपूरच्या नीरीसारख्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) ठिकाणी प्रकल्प मिळतो का पाहावं. माणसांचे आकडे जास्त खुणावत असतील तर मुंबईत टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, देवनारलाच लोकसंख्येचा अभ्यास करणारी आयआयपीएस ही संस्था आहे, तिरुवनंतपुरमला सार्वजनिक आरोग्य शिकवणारं अच्युत मेनन केंद्र आहे. माझं मत विचाराल तर तिने रसायन सोडू नये. सर्व्हे करणारे पुष्कळ मिळतात, पारा नीट मोजणारे कमी. परदेशी जाण्याची खरी संधी पीएच.डी.ला. ड्यूक विद्यापीठाचे गट माद्रे दे दिओसमध्ये काम करतात, जॉन्स हॉपकिन्सचं लिमाशी जुनं नातं आहे, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेचंही. अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेकदा फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं, त्यामुळे बागेवर कर्ज काढायचा प्रश्न येऊ नये. एजंटने लाखांचा आकडा सांगितला तर तिथूनच परत फिरा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. बेकायदा खाणींच्या काही भागांत खरोखर धोका आहे आणि शहाणे संशोधक गावाच्या परवानगीशिवाय, एकटे तिथे जात नाहीत. तिच्या गटात स्थानिक संशोधक बरोबरीने आहेत का, हा प्रश्न तिने निवडीच्या मुलाखतीत उलटा विचारावा. नुसते नमुने गोळा करून विमान पकडणारे गट असतात. त्यांच्यात जाऊ नये.

आणि एक काम या हंगामात, घरच्या घरी. तुमच्या बागेत फवारणी करणारी माणसं कोणतं औषध, किती दिवसांनी, हातमोजे घालून की न घालता मारतात, कुणाला चक्कर येते, कुणाला मळमळ, याची नोंद तिने त्यांच्या परवानगीने ठेवावी. नावं लिहायची नाहीत. काहीजण सांगणार नाहीत, कारण विचारणारी मालकाची मुलगी आहे. तो अवघडलेपणा तिने अनुभवायलाच हवा. ती हे दोन महिने टिकवून करू शकली, तर बी.एड.चा फॉर्म बाजूला ठेवा.

पुढचं पत्र मात्र तिने लिहावं, सोबत ती वही पाठवावी. दोन ओळी स्पॅनिशमध्ये असल्या तरी चालतील, मी शब्दकोश घेऊन बसेन.