नागपूरजवळच्या घरच्या शेतीत शंभर कोंबड्यांवर सेंद्रिय अंड्यांचा धंदा परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की मका घरचा, सोयाबीन घरचं, राबायला घरची माणसं, म्हणजे अंडं जवळपास फुकटात पडेल. नेमकं हेच माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, दर दिवाळीला पाहुण्यांसमोर सांगतात, म्हणून लिहायला बसले.

आमचं शेत कळमेश्वर तालुक्यात. कोंबड्या मी सांभाळते. घरचा मका फुकट कायचा? तोच मार्केटात नेला असता तर पैसे आलेच असते नं. मी कोठीत वजनकाटा ठेवला आणि कोंबड्यांसाठी निघणारं प्रत्येक पोतं बाजारभावानं वहीत लिहायला लागले. भासरे चिडले, घरातल्या घरात कोणी बिल फाडतं का म्हणाले. सासूबाई मात्र माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. खुराडं झाडणं, पाणी बदलणं, सांजेला कोंबड्या मोजून कोंडणं, मुंगसाच्या भीतीनं रात्री उठणं, सगळं आम्हा दोघींवरच होतं. त्याच वहीत मजुरीचा रकाना आखला.

आता हिशेब. कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. वनराजा, गिरीराजासारखी परसात पाळायची जात वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, पोल्ट्रीतली पांढरी लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, तीनशेच्या वर. म्हणजे शंभर कोंबड्यांना रोज १२ किलो खाद्य आणि हाती चाळीस-पंचेचाळीस अंडी. खाद्य ४० रुपये किलो धरा, एका अंड्यामागे नुसतं खाद्यच अकरा रुपयांच्या घरात जातं. पिल्लं, लस, मजुरी, मर वेगळी. शिवाय पिल्लू अंड्यावर येईस्तोवर पाच-सहा महिने बसून खातं. एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची समिती, रोज जो भाव जाहीर करते, त्याच्याशी बरोबरी करायला गेलात तर बुडाल. नागपुरात धरमपेठ, प्रतापनगरात अंड्याला १८-२० रुपये देणारी कायमची गिऱ्हाईकं आधी शोधा, शेड मागून.

आणि मोकळी फिरते म्हणून कोंबडी सेंद्रिय होत नाही. खाद्यही सेंद्रिय लागतं, आणि एनपीओपीच्या, म्हणजे सरकारच्या सेंद्रिय प्रमाणन कार्यक्रमाच्या, नियमानं हंगामी पिकाची जमीन साध्याची सेंद्रिय व्हायलाच दोन वर्षं जातात. सेंद्रिय पेंड विकत आणायची झाली तर वरचे ४० रुपये विसरा. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, भाजूनच घाला.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं गेला की कोंबडी खाणं टाकते, कवच पातळ पडतं, अंडी घटतात. बांधलेलं गिऱ्हाईक तेव्हाही अंडी मागतंच.

नर आणि म्हाताऱ्या कोंबड्यांची विक्री मी वर धरलेली नाही. संत्र्याची बाग असेल तर खताचेही पैसे वाचतात, त्यामुळं तुमचं गणित माझ्यापेक्षा बरं निघू शकेल. पण राबणारी घरची माणसं कोण, ते तुम्ही लिहिलं नाही. आई किंवा बायको असेल तर तिची मजुरी महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाका. ती दिल्यावर उरेल तेवढाच नफा, भासऱ्यांना मी आजही हेच सांगते.