मालक थांबतील, चित्रकाराचे पैसे थांबवू नका

प्रश्न : पुण्यात एरंडवण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे आणि पुढच्या खोलीत कलादालन. जागा लिव्ह अँड लायसन्सवर आहे. करार तीन वर्षांचा, नोंदणीकृत. पहिली दोन वर्षं लॉक-इन, म्हणजे त्या काळात जागा सोडता येत नाही; त्यातले दहा महिने बाकी आहेत. भाडं महिना ४५,००० रुपये, डिपॉझिट २,७०,०००. वर्षभरात विक्री जवळजवळ थांबली आणि चार महिन्यांचं भाडं थकलं. मालकांच्या वकिलांची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत थकबाकी आणि उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं भरा, नाहीतर कुलूप लावू आणि आतली चित्रं ठेवून घेऊ. ‘चित्रं थकबाकीपोटी तारण’ असा मजकूर लिहिलेला स्टॅम्पपेपरही त्यांनी सहीसाठी पाठवला आहे. भिंतीवरची बहुतेक चित्रं दुसऱ्या चित्रकारांची, विक्रीसाठी ठेवलेली आहेत. कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ चित्रकारांची जलरंगातली दोन चित्रं १,२०,००० रुपयांना विकली गेली. माझं कमिशन ३५ टक्के. त्यांच्या वाट्याचे पैसे मी भाड्यात घातले आणि त्यांना ‘अजून चौकशी चालू आहे’ असं कळवत राहिले. एका हॉटेलनं लॉबीसाठी माझ्याकडून सहा कॅनव्हास करून घेतले, त्याचे ३,२०,००० रुपये पाच महिने येणं आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) २०२२ पासून आहे. मंदीचं कारण दाखवून करारातून सुटता येईल का? उरलेली चित्रं निम्म्या किमतीत काढून टाकू का?

उत्तर : तुम्हाला झोप लागत नसेल ती मालकांच्या नोटिशीमुळे. मला मात्र त्या कोल्हापूरच्या दोन चित्रांची जास्त काळजी वाटते. ती गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता सांगितली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

भाडं थकणं हे दिवाणी देणं आहे. मालक दावा लावतील, व्याज मागतील, डिपॉझिट अडवतील. पण भाडं देता आलं नाही एवढ्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. चित्रकारांच्या पैशांचा प्रकार वेगळा. चित्र तुमच्याकडे विश्वासानं ठेवलेलं होतं, तुम्ही त्यांच्या वतीनं ते विकलंत. आलेल्या १,२०,००० मधले ४२,००० तुमचे. उरलेले ७८,००० एक दिवसही तुमचे नव्हते. करार कायद्याच्या कलम २१७ नुसार एजंटाला आपलं कमिशन आणि त्या कामासाठी केलेला रास्त खर्च कापून घेता येतो; बाकी रक्कम देणं कलम २१८ नं बंधनकारक आहे. फ्रेमिंगचा खर्च ठरला असेल तर तो कापा. गॅलरीचं भाडं मात्र त्यांच्या चित्राचा खर्च ठरत नाही.

ज्याचे पैसे त्याला न देता दुसरीकडे वळवले आणि त्यात अप्रामाणिक हेतू दिसला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ लागू शकतं, म्हणजे गुन्हेगारी विश्वासघात. एजंट म्हणून धंद्याच्या ओघात असं केलं तर त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमात शिक्षा दहा वर्षांपर्यंत, अगदी जन्मठेपेपर्यंतही जाते. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि अडचणीत पैसे फिरवणाऱ्या प्रत्येकाचा हेतू अप्रामाणिक असतो असं कोर्ट मानत नाही. पण चित्र विकलं गेल्यावरही ‘चौकशी चालू आहे’ असं तुम्ही लिहिलंत, हेच वाक्य उद्या हेतूचा पुरावा म्हणून समोर येईल. ते मेसेज पुसून काही होत नाही, समोरच्या फोनमध्ये ते आहेतच. पुसलेत तर उलट संशय वाढेल.

म्हणून आजच त्यांना पत्र लिहा. फोन नको, लेखी हवं. चित्रं कोणत्या तारखेला, किती किमतीला विकली, तुमचं कमिशन किती, त्यांचं येणं किती, हे सगळं सरळ लिहा. ‘आधी चुकीचं कळवलं, त्याबद्दल माफ करा’ हेही लिहा. त्याबरोबर जमेल तेवढी रक्कम, निदान तिसरा हिस्सा, त्यांच्या खात्यात टाका आणि उरलेल्या पैशांचे हप्ते तारखांसकट द्या. पुढच्या तारखांचे चेक मात्र वाटत सुटू नका. खात्यात पैसे नसताना चेक वटला नाही, तर पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची वेगळीच कटकट मागे लागेल. ज्या तारखेची खात्री आहे तेवढीच द्या. बहुतेक चित्रकारांना पैसे उशिरा मिळायची सवय असते. खोटं सांगितलेलं मात्र ते विसरत नाहीत, आणि कोल्हापूरची कलाक्षेत्रातली मंडळी एकमेकांशी रोज बोलतात.

आता मंदी. ‘बाजार बसला म्हणून करार संपला’ हा बचाव भारतात टिकत नाही. करार कायद्याचं कलम ५६ अशक्य झालेल्या गोष्टीसाठी आहे. महाग किंवा तोट्याची झालेली गोष्ट त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६० मध्ये लष्कराला तूप पुरवण्याच्या एका करारात हेच सांगितलं : परिस्थिती बदलली, खर्च वाढला, तरी ठरलेल्या दराला बांधीलच. २०१७ मध्ये वीज कंपन्यांनी इंडोनेशियातल्या कोळशाच्या वाढलेल्या किमतीचं कारण पुढे केलं, तेव्हाही तेच उत्तर मिळालं. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत दुकानं सक्तीनं बंद असताना, दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानदाराला दिल्ली उच्च न्यायालयानं भाडेमाफी नाकारली. भरण्याच्या मुदतीत तेवढी सवलत दिली. तेव्हा दुकानं सरकारच्या हुकमानं बंद होती. तुमचं दार उघडं आहे, फक्त गिऱ्हाईक येत नाही. करारातलं आपत्तीचं कलम एकदा वाचून घ्या, पण त्यात भूकंप, पूर, दंगल यापलीकडे काही सापडेल असं वाटत नाही.

तरीही नोटिशीतल्या मागण्या जशाच्या तशा मान्य करायचं कारण नाही. दहा महिन्यांचे ४,५०,००० मागितलेत. करार मोडल्यावर झालेलं नुकसान रास्त प्रमाणात मागता येतं, दंड म्हणून वाटेल तो आकडा नाही. २०१५ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाविरुद्धच्या कैलास नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बयाणा रक्कम जप्त करण्याबद्दल हाच निकष लावला. शिवाय करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहिलं जातं. एरंडवण्यातली तळमजल्याची जागा दोन महिन्यांत दुसऱ्याला गेली, तर दहा महिन्यांचं भाडं कशाच्या नावानं मागणार? पण याचा अर्थ लॉक-इन फुकटात मोडता येतं असा नाही. एक-दोन महिन्यांचं भाडं हातचं जाईल असं धरूनच हिशोब करा.

कुलपाबद्दल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मधली झटपट जागा रिकामी करून घेण्याची सोय फक्त राहत्या जागेच्या लायसन्सला आहे. व्यवसायाच्या जागेसाठी मालकांना पुण्यात लघुवाद न्यायालयात दावा लावावा लागेल. लायसन्सधारकाची बाजू भाडेकरूइतकी भक्कम नसते, हे मान्य. तरीही कोर्टाच्या आदेशाशिवाय रात्रीतून कुलूप बदलणं मालकांनाही महागात पडू शकतं. तसं झालंच तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागण्याच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत असते. वाट पाहत बसू नका.

आणि चित्रं? ती ठेवून घेण्याचा मालकांना काडीचा हक्क नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ नुसार लायसन्स रद्द झालं तरी जागा सोडायला आणि सामान हलवायला रास्त वेळ द्यावाच लागतो. त्यात ही चित्रं तुमचीही नाहीत. दुसऱ्याची वस्तू तुम्ही तारण ठेवू शकत नाही, म्हणून त्या स्टॅम्पपेपरवर सही करायचीच नाही. केलीत तर मालकांना फारसा फायदा होणार नाही, पण चित्रकारांच्या दृष्टीनं तुम्ही त्यांचा माल गहाण टाकलात असा अर्थ निघेल. चित्रासारखी वस्तू पैशांनी भरून निघत नाही, म्हणून विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ८ खाली प्रत्यक्ष तीच वस्तू परत मागता येते. मालकांनी अडवली तर चित्रकार त्यांच्यावर दावा लावू शकतात. तुम्ही अडवलीत तर तुमच्यावरही.

या आठवड्यात एक काम करा. प्रत्येक चित्र भिंतीवरून काढून उलटं करा. मागच्या स्ट्रेचरच्या लाकडावर किंवा फ्रेमच्या पाठीवर चित्रकाराचं नाव, शीर्षक आणि तुमच्या चलनाचा, म्हणजे चित्र ठेवून घेतल्याच्या पावतीचा, क्रमांक आहे का बघा. नसेल तर चिठ्ठी चिकटवा आणि पुढून-मागून फोटो काढा. चलनबुकातल्या कार्बन कॉपीशी पडताळून यादी बनवा. कार्बन कॉपीवर चित्रकाराची सही असेल तर ती तुमच्या बँकबुकाइतकी जपा. मग चित्रकारांची चित्रं सहीनिशी परत पाठवायला लागा आणि यादीची एक प्रत मालकांच्या वकिलांना पाठवा : ही चित्रं तिसऱ्या व्यक्तींच्या मालकीची आहेत, ती परत करत आहोत. तुमची स्वतःची चित्रं मात्र रातोरात हलवू नका, पळ काढल्यासारखं दिसतं. आणि जोवर ही चित्रं तुमच्या ताब्यात आहेत तोवर ती आपल्या वस्तूइतकीच सांभाळायची जबाबदारी तुमची आहे. भाड्याच्या भांडणात पावसाळ्याची ओल लागून कुणाच्या कागदावर बुरशी चढली, तर तो खर्चही तुमच्याच अंगावर येईल.

निम्म्या किमतीचा विचार फक्त स्वतःच्या चित्रांपुरता ठेवा. दुसऱ्याच्या चित्राची ठरलेली किंमत त्यांच्या लेखी संमतीशिवाय एक रुपयानंही उतरवू नका. करार कायद्याच्या कलम २११ खाली एजंटानं सूचनेबाहेर जाऊन नुकसान केलं तर ते त्याच्याकडून वसूल होतं. प्रामाणिकपणे घेणारा गिऱ्हाईक बहुधा चित्राचा मालक होऊन निघून जातो, म्हणजे राग निघायला तुम्ही एकट्याच उरता. तुमची स्वतःची चित्रं हव्या त्या किमतीला विका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तुमची नोंदणी असेल तर बिलाचा आकडा थोडा उतरलाच आहे. कमिशनवर मात्र १८ टक्केच. माझं खासगी मत विचाराल तर सरसकट ‘सेल’चा बोर्ड लावू नका. दोन वर्षांपूर्वी पूर्ण किंमत देऊन गेलेले लोकही तो वाचतात.

सगळ्यात हाती लागण्यासारखे पैसे हॉटेलकडे आहेत, आणि त्यांच्याबाबत तुम्हीच सगळ्यात गप्प बसला आहात. ते कॅनव्हास तुमच्या स्टुडिओत तुम्ही केलेले आहेत आणि उद्यम नोंदणी त्याआधीची आहे, तेव्हा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूनं आहे. लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. ठरली नसेल तर पंधरा दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर तो मिळाल्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो. आता पाच महिन्यांनी ‘निळा जरा गडद झालाय’ म्हणून उपयोग नाही. आधी व्याजाचा आकडा घालून एक नोटीस पाठवा, दहा दिवस थांबा आणि मग याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे (लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ती सोडवते) ऑनलाइन अर्ज करा. निकालासाठी कायद्यात ९० दिवस लिहिलेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. पण परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला तर कोर्टात आव्हान देण्याआधी हॉटेलला ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे त्यांच्या वकिलांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे पुष्कळदा पैसे नोटिशीनंतरच्या फोनवरच सुटतात. आले की पहिला हप्ता कोल्हापूरला, मग मदतनिसाचा पगार थकला असेल तर तो, आणि त्यानंतर मालक.

मालकांना द्यायचा प्रस्ताव असा सुचवतो. महिनाभरात जागा सोडता. तोपर्यंतची थकबाकी पाच महिन्यांची, म्हणजे २,२५,००० होईल. ती डिपॉझिटमधून वळती करावी. उरलेले ४५,००० लॉक-इनपोटी त्यांनी ठेवावेत आणि आणखी एका महिन्याचं भाडं तुम्ही हॉटेलचे पैसे आल्यावर तीन हप्त्यांत द्याल. त्या बदल्यात दोन्ही बाजूंचं काही देणं-घेणं उरलं नाही असा लेख, दोघांच्या सह्यांनिशी. किल्ली आणि त्या लेखावरची सही एकाच बैठकीत व्हावी. महावितरणच्या मीटरचा फोटो काढून वाचन त्यातच लिहा. ते जागा ठेवा म्हणत असतील, तर पुढची खोली सोडून फक्त मागचा स्टुडिओ कमी भाड्यात मागा. वर्षातून एखाद्या प्रदर्शनासाठी बालगंधर्व कलादालन भाड्यानं घेणं बारा महिन्यांच्या दर्शनी खोलीपेक्षा परवडतं. पण नवं भाडं तोंडी ठरवू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा.

नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत स्पीड पोस्टानं उत्तर द्या आणि नोटिशीचं पाकीट फेकू नका, मिळाल्याची तारीख त्यावर असते. वकिलाची फी आत्ता जड जाईल हे उघड आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. जाताना करार, चलनबुक, बँकेचं स्टेटमेंट, हॉटेलची ऑर्डर आणि कोल्हापूरच्या चित्रकारांबरोबरचं सगळं चॅट छापून न्या. जे मेसेज वकिलाला दाखवायची लाज वाटते, तेही त्यात असू द्या.