पोटातली वाळू

सातारा, १२ मे

पोरी, अनेक आशीर्वाद.

हिमाचलातल्या तीर्थन नदीवरून पाठवलेले फोटो बघितले. ट्राउट माशाच्या पोटात वाळू नि काड्या निघाल्या म्हणून तू बुचकळ्यात पडलीस, हे वाचून हसू आलं. मासे काय खातात ते कळावं म्हणून मेढ्याजवळ वेण्णा नदीतल्या माशांची पोटं तपासायचो, तेव्हा मीही तक्त्यात 'वाळू' असा रकाना आखला होता. वर पचनासाठी मासा वाळू गिळतो, असा शेरा! कोंबडीवरून सुचलेलं शहाणपण. पुढे एकदा भिंगाखाली नीट पाहिलं, तर कण एकमेकांना चिकटून तांदळाएवढी नळी झालेली, आणि आतून अळीचं डोकं डोकावतंय. कॅडिस माशीची अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढून असं घर बांधते. मासा तिला घरासकट गिळतो. अळी जिरते, घर उरतं.

तेव्हा पोटात दिसेल त्यावर एकदम भरवसा ठेवू नकोस. मेफ्लाय या किड्याची पाण्यातली मऊ पिल्लं लवकर विरघळतात, भुंग्याची टणक पाठ मागे राहते. नुसती मोजदाद केलीस तर भुंगाच ट्राउटचा लाडका ठरेल.

आधी काठावर बस. ट्राउट दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात, धारेकडे तोंड करून थांबते. शेजारच्या धारेतून काही वाहत आलं की वितभर सरकून टिपते आणि पुन्हा जागेवर. जोराच्या धारेत पोहत राहणं तिला परवडत नाही. म्हणून ती थांबते त्या जागेच्या वर, धार येते त्या बाजूला बारीक जाळी लाव, पाणी काय आणतंय ते बघ, मग पोटाशी ताडून पाहा. जाळी फक्त दुपारी लावू नकोस. अंधार पडल्यावर दगडांखालचे किडे जास्त वाहू लागतात. पाऊस झाला तर मुंग्या, नाकतोडेही सापडतील. ब्राऊन ट्राउट या जातीतल्या मोठ्या माशांचं गणित वेगळं, त्या लहान मासेही खातात, प्रसंगी स्वतःच्याच जातीचे.

पाण्याचं तापमान रोज लिही. २० अंशांच्या वर ब्राऊन ट्राउटचं खाणं मंदावतं. (वाईच्या घाटावर मला अजून विचारतात, कृष्णेत ट्राउट का सोडत नाहीत म्हणून!)

आणि दर वेळी मासा मारायची गरज नाही. बिनसुईच्या सिरिंजने तोंडातून हलकेच पाणी सोडलं की पोटातलं बाहेर येतं. शिकलेल्या माणसाकडून हात बसवून घे, घाई केलीस तर इजा होते.

त्या नळ्या मात्र फेकू नकोस. कागदाच्या पुडीत घालून माझ्याकडे पाठव.