शपथविधीनंतरची मतदार नोंदणी: पक्षाचा रकाना कोरा ठेवावा का?

तुमचे प्रश्न तीन आहेत. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ झाली, आता मतदार नोंदणीच्या अर्जातला पक्षाचा रकाना कोरा ठेवला तर चालेल का? तिथे डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन लिहिलं तर पक्षाचे सभासद झालो असं होतं का? आणि पत्नी अजून ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याचा परवाना) आहे, तिने डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात, काय करायचं? तिसऱ्यात चूक झाली तर ती निस्तरता येणं फार कठीण, म्हणून आधी तेच.

१९९३च्या मतदार नोंदणी कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्स काढताना किंवा नूतनीकरण करताना ‘मतदार म्हणून नोंदणी करायची का?’ असं विचारतात. कारकून सवयीने विचारतो, पडद्यावर खूण करून सही मागतो, आणि मागे रांग असते. त्या सहीच्या वर ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असं छापलेलं असतं. पत्नीने तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं आणि सही करण्याआधी पडदा वाचायचा. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं हे देशाबाहेर काढण्याचं कारण ठरू शकतं. पुढे तिच्या एन-४०० अर्जात, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जात, ‘मतदान केलं का?’ एवढंच विचारत नाहीत, ‘कधी नोंदणी केली का?’ हेही विचारतात. चुकून मतदार कार्ड घरी आलंच तर ते फेकू नका आणि वापरू तर मुळीच नका. काउंटीच्या (इथला जिल्हा) निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्यांचं उत्तर जपून ठेवा, आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. देणगीचा नियम मात्र वेगळा आहे: ग्रीन कार्डवाला उमेदवाराला स्वतःच्या पैशातून देणगी देऊ शकतो, एच-१बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावाला देऊ शकत नाही.

आता पक्षाचा रकाना. आपल्याकडे पक्षाचा सभासद म्हणजे पावती फाडणं, वर्गणी, शाखा. इथे तसं काही नाही. रकान्यात पक्ष लिहिला तरी वर्गणी नाही, बंधन नाही, आणि नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत कुणालाही मत द्यायला तुम्ही मोकळे असता. एवढंच की मतदार यादी प्रचारवाल्यांना मिळते, त्यामुळे कोणत्या पक्षात नोंद आहे आणि कोणत्या निवडणुकांत मतदान केलं हे त्यांना दिसतं. मत कुणाला दिलं ते कुणालाच दिसत नाही.

या रकान्याचा खरा उपयोग प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीसाठी. आणि ती दुय्यम नाही. भारतात जन्मलेले डेमोक्रॅटिक नेते श्री ठाणेदार (‘श्री’ हे त्यांचं नावच) यांचंच घ्या. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या भागातल्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीत बरेच उमेदवार होते आणि ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. मिशिगनमध्ये निम्म्याहून अधिक मतांची अट नाही, सर्वांत पुढे असेल तो उमेदवार. तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे की नोव्हेंबरची लढत एकतर्फी झाली. म्हणजे काँग्रेसमध्ये, अमेरिकेच्या संसदेत, कोण जाणार हे ऑगस्टमध्येच ठरलं होतं. अशा ठिकाणी ज्याने फक्त नोव्हेंबरात मतदान केलं, त्याच्या वाट्याला निवड उरलीच नाही.

म्हणून रकाना कोरा ठेवावा का, हे तुमचं राज्य कोणतं यावर ठरतं. देशभराचं मतदान चालवणारा आपल्यासारखा निवडणूक आयोग इथे नाही. हडसन नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे नियम आहेत. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनला, रकाना कोरा असला तरी प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगता येतो. त्यानंतर तुमची नोंद त्या पक्षात राहते. आधीच एका पक्षात नाव असेल आणि दुसरा हवा असेल, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी बदलावं लागतं. क्वीन्समध्ये, म्हणजे न्यू यॉर्क राज्यात, प्रायमरी बंद आहे. पक्षात नोंद नसेल तर मतपत्रिका मिळत नाही, आणि आधीपासून नोंदलेल्या मतदाराला जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीलाच संपते. नवीन नोंदणी करताना लिहिलेला पक्ष मात्र लगेच लागू होतो. शपथविधीच्या धांदलीत ‘नंतर बघू’ म्हणून रकाना कोरा ठेवला, तर न्यू यॉर्कात ते ‘नंतर’ पुढच्या वर्षावर जाऊ शकतं. तुम्ही न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया किंवा फ्लोरिडात असाल तर माझं स्पष्ट मत: पक्ष लिहा. तो आवडता असायलाच हवा असं नाही, तुमच्या भागात ज्याच्या प्रायमरीत निकाल लागतो तो लिहा.

टेक्सासच्या अर्जात हा रकानाच नाही. मार्चच्या प्रायमरीत केंद्रावर पक्ष सांगायचा, आणि मेमध्ये त्याच प्रायमरीची दुसरी फेरी (रनऑफ) झाली तर पुन्हा त्याच पक्षात मत द्यायचं, मध्येच उडी मारता येत नाही. मिशिगनमध्येही नोंद नाही, पण मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात. एकाच स्तंभात खुणा करायच्या. एक खूण इकडे, एक तिकडे झाली की पक्षीय भाग सगळा बाद. केंद्रावर यंत्र मतपत्रिका परत देऊन चूक दाखवतं. टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेला तसं टोकणारं कुणी नसतं.

कॅलिफोर्नियात तर एक सापळाच आहे. ‘मी कुठल्याच पक्षाचा नाही’ असं सांगायचं म्हणून लोक ‘अमेरिकन इंडिपेंडंट’वर खूण करतात. तो १९६७ मध्ये स्थापन झालेला पक्ष आहे. वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस १९६८ ला त्याच्याच तिकिटावर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. तुम्हाला हवा असलेला पर्याय ‘नो पार्टी प्रेफरन्स’ या नावाने असतो. बाकी कॅलिफोर्नियात आमदार, खासदार, गव्हर्नर यांच्यासाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि पहिले दोन पुढे जातात, तेव्हा रकान्याचा फरक मुख्यतः राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत पडतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नव्या नागरिकांचं घोडं जिथे अडतं ते म्हणजे जुन्या नोंदी. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की आधी सोशल सिक्युरिटी (प्रत्येकाला ओळख क्रमांक देणारं सरकारी खातं) कार्यालयात नोंद बदला, मग डीएमव्हीत, आणि मग मतदार नोंदणी. डीएमव्हीत तुम्ही अजून ‘परदेशी’ असाल तर यादी तपासताना नाव संशयितांत येतं. २०१९ मध्ये टेक्सासने असे सुमारे ९५ हजार मतदार वेगळे काढले होते. लायसन्स काढलं तेव्हा परदेशी, मधल्या काळात रीतसर नागरिक, असे त्यात पुष्कळ निघाले आणि राज्याला ती मोहीम गुंडाळावी लागली. नागरिकत्वाचा पुरावा मागणारी नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्राची प्रत पाठवा.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. लायसन्सवर मधलं नाव नवऱ्याचं, सोशल सिक्युरिटीवर वडिलांचं, पासपोर्टवर माहेरचं आडनाव. नोंदणीची पडताळणी लायसन्सच्या क्रमांकावरून किंवा सोशल सिक्युरिटीच्या शेवटच्या चार अंकांवरून होते, तेव्हा अर्जातलं नाव त्या नोंदीत आहे अक्षरशः तसंच लिहा.

टपालाने मत देणार असाल तर पाकिटाकडे मतपत्रिकेइतकंच लक्ष द्या. पेनसिल्व्हेनियात दोन पाकिटं येतात. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात. आतलं वगळलं तर मत बाद. बाहेर सही आणि त्या दिवसाची तारीख. लोक सवयीने जन्मतारीख लिहितात. या तारखेवरून अनेक वर्षं कोर्टकज्जे झाले आहेत, त्यात न पडता नीट तारीख घाला. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीत पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. ती नोंदीतली सही बहुतेकदा डीएमव्हीच्या पडद्यावर ओढलेली रेघ असते आणि पाकिटावर तुम्ही बँकेतली सुबक सही करता. सही कोणत्या लिपीत आहे याने बिघडत नाही, दोन्हीकडे सारखी दिसायला हवी. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं. जाहिरात समजून ते टाकू नका, ठरलेल्या दिवसांत उत्तर दिलं तर मत वाचतं. आणि पाकीट शेवटच्या दोन दिवसांत टपालपेटीत टाकू नका. शिक्का छाननी केंद्रात गेल्यावर बसतो, तो दुसऱ्या दिवसाचा असू शकतो. काउंटीची अधिकृत पेटी बरी.

केंद्रावर नाव सापडलं नाही तर घरी परतू नका. आधी केंद्र बरोबर आहे ना ते विचारा. असेल तर ‘प्रोव्हिजनल बॅलट’ मागा, म्हणजे पात्रता नंतर तपासून मोजली जाणारी तात्पुरती मतपत्रिका. २००२च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. सोबत मिळणारी चिठ्ठी ठेवा, तिच्यावरून मत मोजलं की नाही ते कळतं.

आईवडीलही नागरिक झाले असतील आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ खाली ते आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेऊ शकतात. मुलगा, सून, शेजारी, कुणीही चालतं. आईवडिलांच्या नोकरीचा मालक किंवा त्याचा माणूस आणि आईवडिलांच्या कामगार संघटनेचा पदाधिकारी किंवा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. केंद्रावर अडवलं तर कलमाचा आकडा सांगून प्रमुखाला बोलवा. मतपत्रिका लांब असते, शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळ, शिवाय सार्वमताचे प्रश्न. नमुना मतपत्रिका काउंटीच्या संकेतस्थळावर आधी मिळते. ती घरी छापून, मराठीत समजावून, आईच्या हाताने खुणा करून सोबत न्या, म्हणजे आत गडबड होत नाही. कागद आत नेण्याचा राज्याचा नियम तेवढा आधी बघून घ्या.

आणि महाराष्ट्रातल्या मतदार यादीत तुमचं नाव अजून असेल तर अर्ज क्रमांक ७ भरून ते काढून घ्या. शपथ घेतल्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपलं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) भारतात मतदान करता येत नाही.