खरेदीचा भाव येईपर्यंत थांबावं का?

शेअर कधी घ्यावा, ठेवावा किंवा विकावा, याबद्दल नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरं.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे १०० शेअर ४२० रुपयांनी घेतले. आज भाव २६० आहे. आणखी १०० घेऊन सरासरी खाली आणू, की माझा भाव आला की बाहेर पडू?
– गंगापूर रोड

आधी हिशेब करू. ४२० चे २६० होताना ३८ टक्के गेले, पण २६० चे पुन्हा ४२० व्हायला साडेएकसष्ट टक्के वाढ लागते. आणखी १०० घेतले की सरासरी ३४० वर येते आणि ३१ टक्के वाढीतच बरोबरी होते. ऐकायला बरं वाटतं. पण तोवर अडकलेली रक्कम ४२ हजारांवरून ६८ हजारांवर गेलेली असते, तीही ज्या कंपनीबद्दल शंका आहे तिच्यातच. तुम्ही ४२० ला घेतलेत याच्याशी बाजाराला देणंघेणं नाही. खरा प्रश्न एवढाच, की आज हातात २६ हजार रोख असते, तर हाच शेअर घेतला असता का?

त्याचं उत्तर कागदांत शोधा. एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर गेल्या सहा तिमाहींचे निकाल काढा. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, आणि मार्चअखेरचे ६० दिवसांत, ते जाहीर करावेच लागतात. विक्री मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून पाहा. पंपांची मागणी हंगामी असते, त्यामुळे लगतच्या तिमाहीशी केलेली तुलना फसवते.

मग वार्षिक अहवाल उघडा. कामकाजातून आलेल्या रोकडीची तीन वर्षांची बेरीज निव्वळ नफ्याच्या बेरजेच्या आसपासही नसेल, तर नफा बराचसा कागदावरच आहे. येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत असतील, तर माल उधारीवर ढकलला जात असल्याचा संशय घ्यावा. व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा व्याजाच्या दुपटीपेक्षाही कमी असेल, तर एक वाईट वर्षही कंपनीला झेपायचं नाही. शेवटी भागधारणेचा तिमाही तक्ता पाहा, त्यात प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, किती शेअर तारण ठेवलेत ते दिसतं. भाव घसरत असताना तारण वाढत असेल, तर आमच्या मते दुसरं काही पाहायची गरज नाही. तारणाची किंमत कमी पडली की सावकार ते शेअर बाजारात विकतो आणि भाव आणखी कोसळतो.

विक्री आणि रोकड ठीक असून सगळं क्षेत्रच पडलं असेल, तर ठेवा. सरासरी करायचीच तर पुढचा निकाल लागल्यावर करा, आणि त्यानंतरही हा शेअर पोर्टफोलिओच्या ७-८ टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. रोकड किंवा तारणात खोट दिसली, तर २६० ला विकून मोकळे व्हा. तो तोटा वाया जात नाही. वर्षाच्या आतला तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षावरचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरलेलं असलं पाहिजे.

अंबडच्या कारखान्यात नोकरी करतो. कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं घेत गेलो. आता १८ लाखांच्या पोर्टफोलिओत ११ लाख त्यांचेच आहेत. दोन वर्षांनी निवृत्ती आहे. कंपनी उत्तम चालली आहे, मग का विकायचं?
– इंदिरानगर

कंपनी उत्तम असली तरी विकायला हवं, पण टप्प्याटप्प्याने. मंदी आली तर आधी ओव्हरटाइम बंद होतो आणि शेअरही त्याच सुमारास पडतो. पगार आणि पुंजी दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली आहेत.

करामुळेही टप्पे सोयीचे पडतात. २३ जुलै २०२४ पासून वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, पण आर्थिक वर्षातला पहिला १.२५ लाख नफा करमुक्त. ही सूट नफ्यावर आहे, विक्रीच्या रकमेवर नाही. ११ लाखांत ६ लाख नफा असेल, तर साधारण २.३ लाखांची विक्री करमुक्त बसते. मार्चमध्ये सुरुवात केली तर दोन वर्षांच्या आत तीन आर्थिक वर्षं सापडतात, म्हणजे सुमारे ७ लाखांची विक्री. प्रत्यक्षात थोडी कमी भरेल, कारण डिमॅटमधून सर्वांत जुने शेअर आधी गेल्याचं धरतात आणि नफा त्यांच्यातच जास्त असतो. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना मात्र त्या दिवशीचा कमाल भाव खरेदीचा धरता येतो, तो मूळ खरेदीपेक्षा जास्त आणि विक्रीच्या भावापेक्षा कमी असेल तर.

रोज दहा-दहा शेअर विकू नका. डीपी शुल्क (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) प्रत्येक कंपनीमागे, विक्रीच्या प्रत्येक दिवशी लागतं. आणि कंपनीने तुम्हाला 'नियुक्त व्यक्तीं'च्या, म्हणजे आतली माहिती मिळू शकणाऱ्यांच्या, यादीत घातलं असेल, तर तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत व्यवहार बंद असतो. ३१ मार्च हुकला की थेट निकालानंतरच विकता येईल.

सुला ही वाइन कंपनी आपल्या नाशिकची. सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मग हा शेअर डोळे मिटून ठेवायला हरकत काय?
– कॉलेज रोड

एकाच कंपनीबद्दल घ्या-विका असं या सदरात सांगत नाही. काय पाहायचं ते सांगतो. गर्दी दिसते ती पर्यटनाची. उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाटल्यांच्या विक्रीतून येतो, आणि ती हिवाळ्यात जोर धरते. शिवाय महाराष्ट्र सरकारच्या योजनेत वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत मिळतात. हा परतावा उत्पन्नात धरला जातो, पण पैसा हातात यायला वेळ लागतो. म्हणून नफ्याइतकंच लक्ष सरकारकडून येणं किती आहे याकडे ठेवा आणि योजनेत बदल झाला की हिशेब नव्याने मांडा. डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांना शेअर विक्रीला आला, त्या दिवसांतही सुट्टीची गर्दी होतीच. म्हणजे गर्दीवरून शेअरचा भाव ठरत नाही.

५०० च्या शेअरला जीटीटी (ठरवलेला भाव, म्हणजे ट्रिगर, आला की आपोआप ऑर्डर टाकणारी सोय) लावली होती, ट्रिगर ४५०, लिमिट ४४८. सकाळी भाव ४२५ ला उघडला आणि शेअर विकलाच गेला नाही. चूक ब्रोकरची का? दुसरं, द्राक्षाचे पैसे मार्चमध्ये येतात, ते ऑक्टोबर छाटणीपर्यंत शेअरमध्ये ठेवू का?
– पिंपळगाव बसवंत

ब्रोकरची चूक नाही. ट्रिगर लागला, '४४८ च्या खाली विकू नका' अशी ऑर्डर बाजारात गेली, ४४८ ला घेणारा कोणी नव्हता. ऑर्डर संध्याकाळी रद्द झाली आणि जीटीटीही संपली. लिमिट म्हणजे किमान भाव, त्यामुळे ती खाली ठेवल्याने नुकसान होत नाही. बाजार ४४० वर असेल तर ४२० ची लिमिट असूनही ४४० च्या आसपासच मिळतात. ट्रिगर आणि लिमिटमध्ये मोठ्या कंपन्यांसाठी ५ टक्के, लहानांसाठी त्याहून जास्त अंतर ठेवा. निकालाच्या आदल्या दिवशी मात्र जीटीटीवर विसंबू नका, धास्ती वाटत असेल तर संख्याच कमी करा. लोअर सर्किट (दिवसातल्या घसरणीची मर्यादा) लागलेल्या शेअरला खरेदीदारच नसतो, तिथे कोणतीच लिमिट चालत नाही. ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढून देण्याची कायमची परवानगी, दिलेलं आहे ना तेही पाहा. नसेल तर टीपिनने (विक्रीला संमती देण्याच्या गुप्त क्रमांकाने) मंजुरी न दिल्यामुळे विक्रीची ऑर्डर फेटाळली जाऊ शकते. बोनस शेअर मिळाले किंवा शेअरचं विभाजन झालं की भाव त्या प्रमाणात खाली येतो, म्हणून जुने ट्रिगर काढून नवे लावा.

छाटणीचा पैसा शेअरमध्ये नको. सहा-सात महिन्यांत भाव कुठे असेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि मजुरी, औषधं काही थांबत नाहीत. तो मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांतल्या म्युच्युअल फंडात) ठेवा. आणखी एक गैरसमज पत्रांत वारंवार दिसतो: शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी त्या पैशातून घेतलेल्या शेअरचा नफा करमुक्त होत नाही. वर्षाच्या आत विकलात तर त्यावर २० टक्के दराने कर आहे.